उजव्या बरगडीखालचें दुखणें
यकृतांतील अमीबाच्या गळवाचीं लक्षणें व त्यांची पारख

दावणीचा बैल चारा सोडून उभा राहिला तर आपला कास्तकार स्वस्थ बसत नाहीं. तो त्याचे कान चाचपतो, नाकपुडी ओली आहे कीं कोरडी तें पाहतो, डावी कूस फुगली असल्यास थापटून आवाज घेतो, शेणाचा रंग न्याहाळतो, आणि मग गुरांच्या डॉक्टरास निरोप धाडतो. परंतु घरांतील कर्ता पुरुष आठ-पंधरा दिवस तापानें फणफणत असतां त्याच्या अंगावर कोणी हात ठेवून पाहत नाहीं. हिंवताप असेल, उतरेल, असें म्हणून दुकानांतून गोळी आणिली जाते. कूस दुखते म्हणावें तर कापसाचें गांठोडें उचलतांना लचक भरली असेल, म्हणून तेल लावून चोळण्यांत येतें. असे दिवस दवडल्यामुळें जें दुखणें औषधाच्या गोळ्यांनीं बरें व्हावयाचें, तेंच जिवावर बेततें. म्हणून त्या दुखण्याची पारख कशी करावी, याचा विचार या लेखांत योजिला आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला गृहस्थ आहे. सबब येथें औषधयोजना सांगण्याचा अधिकार तो घेत नाहीं. केवळ खुणा दाखवितो.

हें दुखणें म्हणजे अमीबा नांवाच्या सूक्ष्म जंतूमुळें यकृतांत होणारें गळूं होय. यकृत, म्हणजे ज्यास आपण बोलतांना काळीज म्हणतों तें, छातीच्या पिंजऱ्याच्या उजव्या बाजूस, खालच्या बरगड्यांच्या आड असतें. अमीबाचे कोश दूषित पाणी, कच्ची भाजी किंवा न धुतलेले हात यांवाटें पोटांत जातात. लहान आंतड्यांत कोश फुटतो आणि जंतु मोठ्या आंतड्यांत वस्ती करितो. ज्यांच्या पोटांत तो राहतो त्यांपैकीं दहांत नऊ जणांस त्याचा कांहींच उपद्रव होत नाहीं. कांहींच्या आंतड्यास व्रण पडून आंव होते. थोड्यांच्या बाबतींत मात्र जंतु आंतड्याची भिंत भेदून तेथील रक्तवाहिनींत शिरतो. आंतड्यांतील रक्त, पाटाचें पाणी पहिल्या वाफ्यांत शिरावें तसें, प्रथम यकृतांत जातें. तेथें जंतु यकृताचा भाग विरघळवीत पोकळी करितो. त्या पोकळींत जो द्रव सांचतो तो खरा पू नव्हे. मेलेल्या यकृताचाच तो काला असून काकवीसारखा घट्ट व तांबूस-तपकिरी असतो, आणि त्यास बहुधा दुर्गंधी नसते. बहुतेक गळवें यकृताच्या उजव्या भागांत होतात, कारण तो भाग मोठा आहे आणि उजवीकडील आंतड्याचें रक्त मुख्यतः तिकडेच वाहतें.

हा रोग स्त्रियांपेक्षां पुरुषांत कैक पटींनीं अधिक आढळतो, व तोही बहुधा विशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे ज्याच्या अंगावर वावराचा सारा भार असतो त्यासच. दारू पिणारांत तो विशेष दिसतो. आपल्या जिल्ह्यांत दारूबंदी असली तरी मोहाची दारू कोठें कोठें गाळतात हें वाचकांस सांगावयास नको.

येथें एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. आंव झाली नाहीं तर हें गळूं होणार नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. गळवानें दवाखान्यांत आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस त्या वेळीं हगवण किंवा आंव नसतेच. ती कित्येक महिन्यांपूर्वीं होऊन गेलेली असते, अगर मुळींच झालेली नसते. शौचाच्या तपासणींत जंतु न सांपडणें हाही पुरावा नव्हे. उलट शौचांत कोश सांपडले म्हणजे रोग आहेच, असेंही नाहीं. अगदीं तसाच दिसणारा एक निरुपद्रवी जंतु आहे. एमिल ब्रुम्प्ट नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९२५ सालीं ही शंका बोलून दाखविली होती, पण ती जगानें मान्य करावयास १९९३ साल उजाडावें लागलें.

इतिहास थोडक्यांत सांगतों. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें फेडोर लेश यानें १८७५ सालीं आंवेच्या रोग्याच्या शौचांत हा जंतु पाहिला. अमेरिकेंत विल्यम ऑस्लर यानें १८९० सालीं तो यकृताच्या गळवांत दाखविला. त्या काळीं गळूं चिरून मोकळें करीत, व अशा रोग्यांपैकीं पुष्कळ दगावत. १९१२ सालीं कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यानें एमेटिन हें औषध टोंचून देण्याचा प्रघात पाडला, तेव्हांपासून चित्र पालटलें. एमेटिन हृदयास जाचक असे. १९६६ च्या सुमारास मेट्रोनिडाझोल या औषधाचा गुण सिद्ध झाला, व आज तेंच मुख्य औषध आहे. म्हणजे शस्त्र मागें पडलें व गोळी पुढें आली. मात्र गोळी वेळेवर मिळावी म्हणून दुखणें वेळेवर ओळखलें पाहिजे, हें जुनें काम तसेंच राहिलें आहे.

आतां लक्षणांकडे वळूं. डॉक्टर रोग्यास चार प्रकारें तपासतो: डोळ्यांनीं पाहून, हातानें चाचपून, बोटानें ठोकून व नळी लावून ऐकून. यांपैकीं पहिलें काम घरचा माणूसही उत्तम करूं शकतो. दुसरें त्यानें अंमळ जपून करावें. बाकीचीं दोन डॉक्टरांवर सोंपवावीं, पण तीं कशासाठीं करतात हें जाणून असावें.

प्रथम पाहणें. रोगी चालत येतांना उजवीकडे किंचित् झुकलेला असतो आणि त्याचा हात नकळत उजव्या बरगड्यांवर जातो. श्वास आंखूड घेतो, कारण दीर्घ श्वास घेतल्यास कळ येते. खोकतांना, शिंकतांना, बंडीचा हिसका बसतांना तो कूस धरतो. ताप रोज असतो, थंडी वाजते, आणि रात्रीं घामानें अंथरूण भिजतें. अन्नावरची वासना उडून दोन-तीन आठवड्यांत अंगावरचें मांस झडतें. कोरडा खोकला असतो. कावीळ फार थोड्यांसच होते. ती दिसली नाहीं म्हणून यकृत ठीक आहे असें मानूं नये, आणि ठळक दिसली तर दुखणें भारी आहे असें समजावें. मग रोग्यास उजेडांत अंगरखा काढून उताणें निजवावें व पायथ्याशीं उभें राहून दोन्ही बाजूंच्या बरगड्या श्वासाबरोबर सारख्या हलतात काय तें पाहावें. उजवी बाजू मागें राहत असेल, अगर उजवीकडील बरगड्यांमधल्या खांचा भरून आलेल्या दिसत असतील, तर ती मोठी खूण आहे. गळूं वरवर आलें असल्यास तेथील कातडी सुजून तुकतुकीत होते आणि अंगठ्यानें हलकेंच दाबल्यास खळगा पडतो.

उजवा खांदा दुखणें हें लक्षण मोठें चमत्कारिक आहे. यकृताच्या डोक्यावर छाती व पोट यांमधील मांसल पडदा असतो. त्या पडद्याची शीर मानेंतून निघते, व खांद्याच्या कातडीची संवेदनाही त्याच ठिकाणीं पोहोंचते. म्हणून पडद्यास गळवाचा उपद्रव झाला असतां मेंदूस वाटतें कीं खांदाच दुखत आहे. एका गांवच्या तंट्याचा अर्ज भलत्याच टेबलावर जावा, तसला हा प्रकार आहे. खांदा चोळून तो मिटत नाहीं. खांदा हलविल्यानें न वाढणारें, पण श्वास घेतल्यानें वाढणारें खांद्याचें दुखणें असेल, तर लक्ष खाली बरगड्यांकडे न्यावें.

दुसरें चाचपणें. रोग्यानें गुडघे वर घेऊन पोट सैल सोडावें. तपासणाऱ्याचा हात ऊन असावा, नाहींतर पोट आपोआप आंवळलें जातें. हात बेंबीच्या उजवीकडे, खालीं ठेवून सुरुवात करावी, व रोग्यास श्वास घ्यावयास सांगून प्रत्येक श्वासागणिक बोटें वर सरकवावीं. पुष्कळ जण एकदम बरगडीखालीं बोटें खुपसतात. यकृत फार वाढलें असल्यास त्यांचीं बोटें यकृतावरच पडतात, कडा खालींच राहते, आणि त्यांस कांहीं लागत नाहीं. यकृत वाढलें असेल तर श्वासाबरोबर त्याची कडा खालीं येऊन बोटांस लागते. या रोगांत ती बहुधा गुळगुळीत असून स्पर्शास फार दुखते. कृश माणसाची निरोगी कडाही किंचित् लागते, पण ती दुखत नाहीं.

याहूनही उपयोगाची परीक्षा बरगड्यांच्या फटींची आहे. एका बोटाच्या टोंकानें, समोरून काखेखालच्या रेषेपर्यंत, एकेक फट हलकेंच दाबीत जावें. "दुखतें का?" असें विचारूं नये. डोळे रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवावे. गळवावर बोट आलें कीं तो तोंड वेडेंवांकडें करितो किंवा हात झटकतो. पुष्कळदां एका बोटानें दाखवितां येईल इतकी ती जागा नेमकी असते. त्या जागेवर शाईनें खूण करून ठेवावी, म्हणजे डॉक्टरास पुन्हां शोध करावा लागत नाहीं. डॉक्टर याशिवाय उजव्या बरगड्यांवर आपला तळवा ठेवून त्यावर मुठीनें हलका ठोसा देतात, व डावीकडे तसेंच करून फरक पाहतात. हा ठोशाचा प्रयोग घरीं करूं नये, आणि जोरानें दाबणें तर कदापि नको. पातळ झालेलें गळूं दाबानें फुटण्याची भीति असते. याच कारणास्तव चोळणें, पोटावर तुडविणें, डाग देणें हीं कामें घातक समजावीं.

तिसरें ठोकणें. कणगींत धान्य कोठवर आहे हें आपण बाहेरून बोटानें ठोकून सांगतों: भरल्या जागेचा आवाज बोदा, रिकाम्या जागेचा पोकळ. ऑस्ट्रियांतील लेओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्यानें १७६१ सालीं छाती ठोकून तपासण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा होता, व पिंपांत मद्य किती उरलें हें ठोकून पाहण्यावरून त्यास ही युक्ति सुचली असें सांगतात. फुप्फुसावर आवाज पोकळ येतो, यकृतावर बोदा. निरोगी माणसांत उजव्या बाजूस समोरून ठोकीत खालीं आल्यास पांचव्या बरगडीच्या आसपास आवाज बोदा होऊं लागतो. गळूं यकृताच्या माथ्यावर असल्यास तें पडद्यास वर ढकलतें, व ही हद्द एक-दोन बरगड्या वर चढते. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, असें गळूं वरच्या अंगास वाढत असल्यामुळें खालीं बोटांस यकृत लागेलच असा नेम नाहीं. पोट मऊ आहे, गांठ लागत नाहीं, एवढ्यावरून निश्चिंत होणारे येथें फसतात.

चौथें ऐकणें. उजव्या फुप्फुसाच्या तळाशीं श्वासाचा आवाज मंद होतो, कधीं नव्या वहाणेच्या करकरण्यासारखा घर्षणाचा आवाज येतो, तर कधीं तेथें पाणी सांचतें. ताप, खोकला, रात्रींचा घाम, रोडावणें आणि छातींत पाणी इतकीं लक्षणें एकत्र झालीं म्हणजे क्षयाचा संशय येणें साहजिक आहे. अशा रोग्याची छाती तपासतांना यकृतही तपासून घ्या, अशी विनंती डॉक्टरास करण्यांत कांहींच गैर नाहीं.

ही सर्व परीक्षा वाचून कोणासही वाटेल कीं, चांगला हात असला म्हणजे काम झालें. तसें मात्र नाहीं, आणि याचा दाखला आपल्याच जिल्ह्यांत आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ सालीं स्थापन झाली. तेथील डॉक्टरांनीं आपल्याच हातांची परीक्षा घेतली. एकाच रोग्याचें यकृत निरनिराळ्या डॉक्टरांनीं, एकमेकांस न विचारतां, चाचपून व ठोकून पाहिलें, आणि प्रत्येकाचा निकाल सोनोग्राफीशी ताडला. ही तपासणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. यकृत वाढलें आहे किंवा नाहीं याबद्दल डॉक्टरांत आपसांत पुरतें एकमत होत नाहीं, आणि हाताचा निकाल यंत्राशी बरेचदां जुळत नाहीं, असें तींत आढळून आलें. पदवीधर डॉक्टरांचे हात जेथें चुकतात तेथें आपण आपल्या हाताचा निकाल अंतिम मानणें शहाणपणाचें नव्हे. जमिनीच्या हद्दीची तक्रार आली म्हणजे तलाठी डोळ्यांनीं धुरा पाहून येतो, परंतु निकाल मोजणीवर होतो. तद्वत् हीं लक्षणें तक्रार नोंदविण्यापुरतीं पुरेशीं आहेत, मोजणी सोनोग्राफीची. खुणा सांपडल्या तर त्याच दिवशीं निघावें. खुणा सांपडल्या नाहींत, पण ताप व उजव्या कुशीचें दुखणें चार-पांच दिवस हटत नसेल, तरीही निघावें. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हीं दोन मोठीं रुग्णालयें जिल्ह्यांतच आहेत.

जातांना एका कागदावर टिपण न्यावें: ताप कोणत्या तारखेस सुरू झाला, गेल्या वर्षभरांत आंव झाली होती काय, कोणतीं औषधें घेतलीं, दारूची संवय आहे काय, मधुमेह आहे काय. मधुमेही व वयस्क माणसांत साध्या पुवाच्या जंतूंचेंही गळूं होतें, व त्याचे उपचार निराळे. कुत्र्यांच्या विष्ठेवाटें होणारी यकृतांतील पाण्याची गांठ हा आणखी तिसरा प्रकार. हीं तिन्ही बाहेरून निवडणें कठीण, म्हणूनच रक्ताची परीक्षा व सोनोग्राफी लागते. अंगदुखीवर गांवांत जीं 'ताकदीचीं' इंजेक्शनें देतात त्यांत स्टेरॉईड असल्यास अमीबाचा रोग भडकतो. तें घेतलें असेल तर लपवूं नये.

कांहीं चिन्हें अशीं आहेत कीं तीं दिसल्यावर सकाळची वाट पाहूं नये. पोटांत एकाएकीं असह्य कळ येऊन पोट फळीसारखें कठीण झालें, तर गळूं पोटांत फुटलें असें समजावें. खोकल्यावाटें एकदम पुष्कळ तपकिरी, विटेच्या रंगाचा बेडका पडूं लागला तर तें फुप्फुसांत फुटलें. छातीखालीं मधोमध सूज व दुखणें असल्यास गळूं यकृताच्या डाव्या भागांत असूं शकतें; तें हृदयाच्या वेष्टनांत फुटण्याची भीति असल्यानें सर्वांत घातक. असा रोगी धापा टाकूं लागला व नाडी बारीक झाली तर एकेक घटका मोलाची.

उपचाराबद्दल दोनच गोष्टी सांगतों. मेट्रोनिडाझोल अगर त्याच जातीचें औषध सात-दहा दिवस देतात, व बहुतेकांचा ताप तीन-पांच दिवसांत उतरूं लागतो. गळूं फार मोठें असल्यास, डाव्या भागांत असल्यास, किंवा औषधानें उतार न पडल्यास सोनोग्राफींत पाहून सुईनें द्रव काढतात. ताप उतरला म्हणजे गोळ्या कोनाड्यांत ठेवण्याची आपली चाल येथें नडते, कारण मुख्य औषधानंतर आंतड्यांत उरलेले कोश मारण्यासाठीं डायलोक्सानाइडसारखें दुसरें औषध घ्यावें लागतें, आणि तें पुष्कळांचें राहून जातें. मग तोच माणूस पुन्हां आजारी पडूं शकतो व घरच्यांसही रोग देतो. दुसरी गोष्ट अशी कीं, माणूस धडधाकट होऊन औतामागें चालूं लागला तरी सोनोग्राफींत पोकळीची सांवली कित्येक महिने दिसत राहते. ती पाहून घाबरून पुन्हां पुन्हां औषधें घेण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिला रोगाचा उगम. तो माणसाच्या विष्ठेंत आहे, अन्यत्र नाहीं. १९३५ सालीं गांधीजी वर्ध्यास मगनवाडींत राहत असतां त्यांचे सहकारी लगतच्या सिंदी गांवीं रोज सकाळीं मैला उचलावयास जात. विनोबांनींही पुढें पवनारजवळच्या सुरगांवीं १९४६ पासून हेंच काम हातीं घेतलें होतें. मैला उथळ चरांत पुरून त्यावर माती लोटावी, म्हणजे गांव स्वच्छ राहतें व सोनखत मिळतें, हा त्या कामामागचा हिशेब होता. कास्तकारानें त्यांतील एक बारकावा जाणावा. अमीबाचा कोश ओल्या मातींत व पाण्यांत दिवसेंदिवस टिकतो, आणि नळाच्या पाण्यांत घालतात तेवढ्या क्लोरीनलाही दाद देत नाहीं. परंतु कोरडेपणानें तो मरतो, आणि उष्णतामान ५० अंशांच्या बरेंच वर गेल्यासही मरतो. म्हणून पाणी उकळून घेतल्यास तें निर्धोक होतें, आणि पुरता कुजून तापलेला कंपोस्ट निर्धोक होतो. कच्चा मैला मात्र मेथी, पालक, सांबार, मुळा यांच्या वाफ्यांस कधींही घालूं नये, व गांवचें सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यावर ह्या भाज्या धुवूं नयेत. बाजारांत नेण्यापूर्वीं जुडी टवटवीत दिसावी म्हणून तीच जुडी त्याच नाल्यांत बुडविण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. सांबार तर आपण कच्चाच खातों.